बेजाया (अल्जेरिया) : जिथं डोंगर थेट समुद्रात उतरतो, कोणी जाणार असाल तर

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. मागं उत्तर आफ्रिकेचा विषय निघाला होता तेव्हा सगळी गाडी मोरोक्को आणि इजिप्तवरच अडकली होती, अल्जेरियाबद्दल कोणीच बोलेना, म्हणून हा धागा. मी कामानिमित्त अल्जिअर्सला असतो. इथं जोडून सुट्टी आली की लोक पश्चिमेला ओरानकडे पळतात नाहीतर पूर्वेला बेजायाकडे, माझी गाडी बहुतेक वेळा पूर्वेलाच वळते.

आधीच सांगून टाकतो, वाळूवर छत्री लावून पडून राहायचं असेल तर बेजायासाठी एवढा व्हिसाचा खटाटोप करू नका. बेजायाला जायचं ते चालायला. अल्जिअर्सपासून अडीचशे किलोमीटरच्या आत-बाहेर, सुम्माम नदी भूमध्य समुद्राला मिळते तिथं एक मोठं अर्धगोल आखात आहे आणि त्याच्या पश्चिम टोकाला गुराया नावाच्या डोंगराला पाठ टेकून हे शहर बसलंय. डोंगराची उंची साडेसहाशे मीटरच्या वर, म्हणजे आपल्या हिशोबात काही फार नाही, पण ती उंची समुद्रातूनच सुरू होते, मध्ये सपाटी अशी नाहीच, हा फरक तिथं उभं राहिल्यावर कळतो. महाबळेश्वरचा एखादा कडा उचलून थेट खाऱ्या पाण्यात ठेवला तर कसं दिसेल, तसं काहीसं.

शहरात पोचलात की आधी १ नोव्हेंबर चौकात जा, जुने लोक अजून प्लास गेदों म्हणतात. एका बाजूला फ्रेंचांच्या काळच्या इमारती, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याखाली अख्खं बंदर. हे बंदर सुंदर वगैरे नाहीये बरं का, कामाचं बंदर आहे, तेलाच्या टाक्या, धान्याची जहाजं, साखरेचा मोठा कारखाना. सहारातल्या हस्सी मसूदचं तेल १९५९ पासून पाइपलाइननं इथं येतं. पण त्या क्रेनच्या पलीकडे आखात आणि आखाताच्या पलीकडे बाबोर डोंगररांग दिसते, हिवाळ्यात तिच्यावर बर्फ असतं, खाली संत्र्याची झाडं आणि वर बर्फ. मला स्वतःला ही क्रेन आणि बर्फाची भेसळ नुसत्या निसर्गापेक्षा जास्त आवडते, आता आवड आपली आपली.

तिथून खरी वाट सुरू होते. शहराच्या वरच्या अंगानं रस्ता डोंगराच्या कुशीतून कॅप कार्बोंकडे जातो, मध्ये खाली लेझेग्वाद नावाची छोटी खाडी लागते, पाणी एकदम स्वच्छ, तळातले दगड दिसतात. पुढं माकडांचा सुळका, आणि शेवटी खडकात कोरलेल्या बोगद्यातून पलीकडे निघालं की एकदम समोर दीपगृहाचा खडक. समुद्रसपाटीपासून २२० मीटरवर हे दीपगृह आहे, जगातल्या सगळ्यात उंचावरच्या दीपगृहांत त्याची गणना होते. मनोरा तसा बुटकाच, उंची सगळी खडकाची. त्या खडकाच्या पोटात समुद्रानं आरपार भोक पाडलंय, ते वरून दिसत नाही, बोटीतून जावं लागतं. दीपगृहाच्या आत सोडतीलच असं नाही पण त्याची गरजही नाही, बोगद्यानंतरची पायवाट हाच खरा माल आहे.

हा सगळा भाग गुराया राष्ट्रीय उद्यानात येतो, १९८४ ला झालं, २००४ पासून युनेस्कोच्या बायोस्फिअर रिझर्व्हच्या यादीत. उद्यान जेमतेम दोन हजार हेक्टरचं पण शहराला एवढं चिकटून की लोक संध्याकाळी चपला घालून फिरायला येतात. डोंगराच्या माथ्यावर किल्ला आहे, मूळ स्पॅनिशांचा, नंतर फ्रेंचांनी डागडुजी केलेला, आणि तिथंच यम्मा गुराया या संत बाईचं ठाणं मानतात. बायका नवस बोलायला चढून येतात, नातवंडं पुढं पळत असतात, आजी धापा टाकत मागं. आपल्याकडे गडावरच्या देवीला असंच चालतं त्यामुळे मला एकदम घरच्यासारखं झालं.

बाकी जिजेलकडचा कोर्निश रस्ता, म्हणजे समुद्रकाठच्या कड्यावरून जाणारा रस्ता, हा वेगळाच विषय आहे, कोणी विचारलं तर लिहितो.

खाडीकर

विचारलं! लिहा.

बाकी मी रत्नागिरीचा, त्यामुळे समुद्र बघायला चार विमानं बदलून जाण्यात मला काडीचा रस नाही, पण वाचायला मजा येतेय.

मीनल_पुणे

मस्त लिहिलंय. दोन प्रश्न. व्हिसा कसा काढायचा आणि एकट्या बाईनं जावं का? नवरा आफ्रिका म्हटल्यावर आधी नाही म्हणतो आणि मग नकाशा उघडतो.

डोंगरवाट

@मीनल, भारतीयांना व्हिसा आधीच काढावा लागतो, दिल्लीच्या दूतावासातून. हॉटेलचं बुकिंग किंवा तिथल्या माणसाचं निमंत्रण लागतं, वेळ हाताशी ठेवून अर्ज करा, शेवटच्या आठवड्यावर सोडू नका. सहाराच्या बाजूला जाणाऱ्यांना एजन्सीमार्फत उतरल्यावर व्हिसा मिळायची सोय काढली आहे पण ती दक्षिणेच्या सहलींसाठी, किनाऱ्यासाठी तिच्या भरवशावर बसू नका. भारतातून थेट विमान नाही, आखाती देशांतून किंवा इस्तंबूलवरून अल्जिअर्स, पुढं बेजायाला छोटं विमान आहे, ट्रेन आहे, किंवा सरळ गाडी.

एकटीनं जाण्याबद्दल मी पुरुष असून काय सांगणार, पण आमच्या ऑफिसातल्या एकदोघी एकट्या जाऊन आल्यात आणि त्या म्हणाल्या की बेजायाला अल्जिअर्सपेक्षा मोकळं वाटलं. काबील लोकांचा, म्हणजे इथल्या मूळ बर्बर लोकांचा प्रदेश आहे, चौकात बायका मुली सर्रास फिरताना दिसतात. दीपगृहाच्या वाटेवर मात्र संध्याकाळी उशिरा एकट्यानं जाऊ नका, हे मी पुरुषांनाही सांगतो. आणि रस्त्यात पोलिसांचे नाके लागतात, परदेशी माणूस दिसला की कधी कधी थोडं अंतर सोबत गाडी देतात, घाबरायचं कारण नाही, पासपोर्टच्या झेरॉक्स जवळ ठेवा म्हणजे झालं.

ओरानवाला

डोंगरवाट साहेब, ओरानला लोक "पळतात" हे वाक्य टोचलं हो. मी ओरानला बरीच वर्षं काढलीत. मुर्जाजो डोंगरावरच्या सांताक्रूझ किल्ल्यावरून एका बाजूला ओरानचं बंदर आणि दुसऱ्या बाजूला मेर्स एल केबीर एकाच वेळी दिसतं, तसा देखावा तुमच्या बेजायात दाखवा. १९४० च्या ३ जुलैला इंग्रजांनी स्वतःच्याच दोस्ताच्या, म्हणजे फ्रान्सच्या आरमारावर तोफा डागल्या ते हेच मेर्स एल केबीर, तेराशेच्या आसपास खलाशी मेले. वरून ते शांत निळं पाणी बघताना हे आठवलं की पोटात गोळा येतो. शिवाय आँदालूजचा किनारा आहे, पोरंबाळं घेऊन जाता येतं, संध्याकाळी गरमागरम कारांतिका (हरभऱ्याच्या पिठाचा भाजलेला पदार्थ) खाता येते. तुमच्या बेजायाला माकडं आहेत फक्त.

डोंगरवाट

@ओरानवाला, सांताक्रूझ मान्य, हजारदा मान्य. पण ओरानला डोंगर चढून शहर बघायचं आणि खाली येऊन किनारा वेगळा गाठायचा, बेजायाला चालता चालता दोन्ही पायाखाली असतं. आणि माकडांबद्दल काही बोलू नका, ती आमच्याकडची व्हीआयपी आहेत.

पिंगळा

माकडांचा विषय निघाला म्हणून. ही बार्बरी मकाक, शेपूट जवळजवळ नाहीच. आफ्रिकेत मकाक कुळातली ही एकच जात, बाकी सगळे मकाक आशियात, म्हणजे आपल्या घाटातल्या लाल तोंडाच्या माकडांची लांबची भावंडंच म्हणा. धोक्यात आलेली जात म्हणून नोंद आहे. अल्जेरिया आणि मोरोक्कोबाहेर फक्त जिब्राल्टरला मोकळी राहतात. कृपा करून खायला घालू नका, लोक चिप्स आणि ब्रेड देतात आणि मग ती रस्त्यावरच बसून राहतात, गाड्यांखाली येतात. आपल्या वरंधा नि ताम्हिणीत जे चाललंय तेच.

दुसरं, जिजेलच्या बाजूला ताझा राष्ट्रीय उद्यान आहे, तिथल्या गेरूश जंगलात अल्जेरियन नटहॅच मिळतो. हा पक्षी जगाला माहीत झाला १९७५ ला, बाबोरच्या डोंगरात. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पावात भूमध्य समुद्राकाठी आख्खा नवीन पक्षी सापडणं म्हणजे काय ते पक्षीवाल्यांनाच कळेल. जगात फक्त अल्जेरियात आहे, तोही मोजक्या जंगलांत. @डोंगरवाट तुम्ही गेलात का तिकडं?

डोंगरवाट

@पिंगळा ताझाला गेलोय पण पक्षी काय दिसला नाही, मला चिमणी आणि कावळा सोडून ओळखू येत नाही त्यामुळे दिसला असेल तरी उपयोग नाही.

आता कोर्निशचं. बेजायाहून पूर्वेला तिशी, मग आओकास, सूक एल तेनीन, मेलबू हा पहिला भाग सपाट, लांब वाळूचे किनारे, उन्हाळ्यात गर्दी, हॉटेलं, जागा अडवून भाड्यानं खुर्च्या देणारे पोरगे, म्हणजे नेहमीचा तमाशा. इथं फार वेळ घालवू नका. मेलबू संपलं की डोंगर एकदम अंगावर येतात आणि तिथून झिआमा मन्सूरिया, पुढं एल अवाना, असं करत जिजेलपर्यंत रस्ता कड्याच्या कमरेला कोरलेला आहे, डावीकडे समुद्र, उजवीकडे भिंत, मध्ये मध्ये बोगदे. बेजाया ते जिजेल शंभर किलोमीटरच्या आतच असेल पण अर्धा दिवस धरा, कारण दर वळणावर थांबावंसं वाटतं आणि थांबायला जागा मात्र नसते, ट्रक मागून हॉर्न मारतो. इथं गाडी उजव्या बाजूनं चालवतात, त्यामुळे जाताना बेजायाकडून जिजेलकडे गेलात तर समुद्र तुमच्या बाजूला नसतो, पलीकडच्या लेनच्या पल्याड असतो, म्हणून मी म्हणतो येताना थांबा, येताना समुद्र गाडीच्या उजव्या हाताला असतो आणि सरळ कडेला घेता येते.

याच रस्त्याचं काम चाललं असताना १९१७ ला सुरुंग लावताना एक गुहा सापडली, आता तिला आश्चर्य गुहा म्हणतात, झिआमाजवळ रस्त्याला लागूनच आहे. आत चुनखडीचे खांब, वरून लोंबणारे आणि खालून उगवलेले. गाइड प्रत्येक खांबाला काहीतरी नाव ठेवतो, हा उंट, ही बाई, हा पिसाचा मनोरा, आपण मान डोलवायची. उकाड्यात आत गार लागतं हा फायदा. जिजेलच्या अलीकडे रास अफिआचं दीपगृह, लाल खडकांवर, सूर्यास्ताला तिथं पोचलात तर बघा.

गणितमास्तर

बेजाया म्हणजेच जुनं बुजिया ना? मग इतक्या पोस्टी झाल्या आणि फिबोनाचीचं नाव कोणी घेत नाही याचा निषेध.

फिबोनाची म्हणजे इटलीतल्या पिसाचा गणिती. पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीनं त्याचा बाप इथल्या जकात नाक्यावर अधिकारी होता, त्यानं पोराला बोलावून घेतलं आणि हिशोब शिकायला बसवलं. पोरगा तिथं भारतीय अंक शिकला आणि १२०२ ला लिबेर अबाची या पुस्तकात त्यानं ते युरोपला समजावून सांगितले. पुस्तकाची सुरुवातच "भारतीयांचे नऊ आकडे हे" अशी आहे, ९ पासून उलटे १ पर्यंत लिहिलेत आणि मग शून्य. म्हणजे आपण आज युरोपियन म्हणून जे आकडे वापरतो त्यांच्या प्रवासातलं एक मोठं स्टेशन डोंगरवाटांच्या त्या क्रेनवाल्या बंदरात आहे.

खाडीकर

म्हणजे सगळं आपलंच!

गणितमास्तर

@खाडीकर, थांबा थांबा. पद्धत भारताची, तो स्वतःच म्हणतो, पण त्याला ती अरबी गणित्यांच्या हातून मिळाली, बगदादपासून मगरिबपर्यंत (म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागापर्यंत) तीनचारशे वर्षं त्यांनी ती घासूनपुसून वापरली होती. आकड्यांचं वळणही पश्चिमेकडच्या अरबांचं. आणि त्याच्या नावानं जी संख्यामाला (१, १, २, ३, ५, ८...) ओळखतात ती आपल्याकडे छंदशास्त्रात आधीच होती, जैन पंडित हेमचंद्राकडे १२ व्या शतकात ती सापडते, पण फिबोनाचीला ती माहीत होती असं म्हणायला काही पुरावा नाही, सशांच्या पिलावळीचं जे कोडं घालून त्यानं ती मांडली ते त्याचंच.

मला गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. लिबेर अबाची १२०२ चा. आणि आपल्याकडे चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा, तो १२०७ च्या सुमारासचा. एकाच दशकात खानदेशात ते गणित टिकवायला दान दिलं जातंय आणि तिकडे पिसात तेच आकडे बाजारात चालवायला पुस्तक निघतंय. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

मीनल_पुणे

वा! हे पाटणचं माहीतच नव्हतं, चाळीसगावला माहेर आहे माझं, पुढच्या वेळी नक्की.

डोंगरवाट

@गणितमास्तर मजा आणलीत. बेजायाच्या पश्चिमेला बुलीमातचा किनारा आहे, तिथून समोर एक छोटं बेट दिसतं, त्याला अजून पिसावाल्यांचं बेट म्हणतात. पश्चिमेकडची ही बाजू, बुलीमात, साकेत, तिघ्रेम्त, तिशीपेक्षा कितीतरी शांत आहे, पोहायचं तर इकडे या. आणि प्रसिद्ध अरब इतिहासकार इब्न खलदून १३६५ ला इथल्या सुलतानाचा कारभारी होता, दिवसा कारभार आणि मग कसबाच्या, म्हणजे जुन्या किल्ल्याच्या, मशिदीत शिकवणी. कसबा अजून आहे, अल्मोहाद राजवटीच्या काळातला, पण आत सोडतात की नाही ते त्या दिवशीच्या रखवालदारावर.

पाटबंधारे

निवृत्त माणूस आहे, उशिरा वाचलं. पण बेजायात नोनिअस दातुसचा दगड आहे तो बघितला का? आमच्या खात्यातल्या प्रत्येक नव्या पोराला ही गोष्ट सांगायचो मी.

रोमन काळात या गावाला सालदाए म्हणायचे. तूजाच्या झऱ्याचं पाणी गावात आणायला कालवा काढला, वाटेत डोंगर, म्हणून बोगदा, चारशे मीटरच्या वर लांब. नोनिअस दातुस हा तिसऱ्या लीजनचा, म्हणजे रोमन सैन्यदलाचा, पातळी काढणारा सर्व्हेअर, त्यानं आखणी करून दिली, नकाशा दिला आणि परत गेला. दोन्ही बाजूंनी खोदाई सुरू. काही वर्षांनी निरोप, पाणी काही येत नाही, परत या. येताना वाटेत दरोडेखोरांनी लुटला, कपड्यांसकट, जखमी केला. तसाच पोचला तर लोक रडकुंडीला आलेले, काम सोडायच्या बेतात, कारण दोन्ही बाजूंची खोदाई मिळून डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त झाली होती आणि बोगदे काही भेटेनात! दोन्ही टोळ्या आपापल्या उजवीकडे सरकत गेल्या होत्या. मग यानं पुन्हा रेषा मारल्या, आरमारी शिपाई आणि डोंगरी तुकडी यांच्यात शर्यत लावली, बोगदा जोडला, पाणी आलं. दुसऱ्या शतकाच्या मध्यातली गोष्ट. आणि गड्यानं हे सगळं दगडावर कोरून ठेवलं, वर तीन बायकांचे चेहरे, धीर, कर्तबगारी आणि आशा. खोदाई आखणीपासून कशी भरकटली हेही त्यात व्यवस्थित नमूद केलंय. सरकारी अभियंत्याची फाइल कशी असावी तर अशी.

डोंगरवाट

@पाटबंधारे काका, दंडवत. तो दगड नगरपालिकेसमोर आहे, लोक त्याच्या बाजूनं रोज जातात. तूजाला वर पाण्याचं छोटं म्युझियम केलंय आणि कालव्याचे खांब अजून उभे आहेत, गावातून तासाभराचं काम. तुम्ही आलात तर मी स्वतः घेऊन जाईन.

शाकाहारी_भटकी

माझा नेहमीचा रडका प्रश्न. खायचं काय?

डोंगरवाट

@शाकाहारी, काबील भागात तुमचं बरं चालेल. अमेकफूल नावाचा कुसकुस विचारा, वाफवलेल्या भाज्या आणि वरून ऑलिव्ह तेल, रस्सा नाही मांस नाही. साधा कुसकुस मात्र मांसाच्या रश्शात असतो, नुसते तुकडे बाजूला काढून देतात आणि म्हणतात घ्या, झालं शाकाहारी. महजूबा म्हणजे रव्याची पातळ पोळी, आत कांदा टोमॅटो आणि मिरची, गाड्यावर मिळते, सकाळी तेवढ्यावर मस्त निघतं. लूबिया म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळच, पण मटणाचा तुकडा पडला नाही ना ते विचारून घ्या. मासे खाणाऱ्यांना सांगायला नको, बंदराजवळ तळलेल्या सार्डीन. "आझुल" म्हणून नमस्कार करा, दुकानदार खूश होतो, बाकी फ्रेंच येत असेल तर सोनं, इंग्रजी तरुण पोरांना येतं.

कार्ड विसरा, रोख युरो घेऊन जा. बँकेचा भाव आणि बाजारातला भाव यात खूप फरक आहे, बाजारातला व्यवहार बेकायदा आहे हे माहीत असू द्या, पुढचं तुमचं तुम्ही ठरवा. ड्रोन अजिबात नेऊ नका, बंदी आहे, विमानतळावर अडकाल. बंदराच्या नाक्यांचे, पोलिसांचे फोटो काढू नका. शुक्रवार शनिवार सुट्टी, शुक्रवारी दुपारपर्यंत सगळं बंद. रमजानमध्ये दिवसा हॉटेलं बंद असतात, रात्री मात्र शहर जागं असतं, त्याची मजा वेगळी.

मीनल_पुणे

आणि महिना कुठला? मुलीची शाळा बघता आम्हाला मे किंवा ऑक्टोबरच.

डोंगरवाट

दोन्ही उत्तम. मे मध्ये डोंगर हिरवा आणि फुलं, ऑक्टोबरला पाणी अजून कोमट असतं. जुलै ऑगस्ट टाळा असं मी सगळ्यांना सांगतो, फ्रान्समधून सगळे काबील घरी आलेले असतात, लग्नं, गाड्या, खोल्या मिळत नाहीत, आणि वणवे. २०२३ च्या जुलैत बेजायाच्या डोंगरात भयंकर आग लागली होती, देशभरात तिशीच्या वर माणसं गेली, त्यातली बरीच याच भागातली, बेनी क्सीलाला आग विझवायला गेलेले दहा सैनिक आगीत सापडून मेले. आजही पश्चिमेकडच्या रस्त्यानं जाताना काळे उतार दिसतात. त्या वेळी नातेवाईक अडकलेत म्हणून माझा एक सहकारी रात्रीत गाडी काढून गेला होता, तेव्हापासून ऑगस्टात मी तिकडं सहलीला जायचं नाव काढत नाही.

ओरानवाला

ऑक्टोबरला मीपण सुट्टीवर अल्जेरियात असणार आहे. डोंगरवाट, बेजायाला खोली बघून ठेवा, नंतर तुम्ही ओरानला या, सांताक्रूझवर वाद मिटवू. कारांतिका माझ्याकडून.

डोंगरवाट

ठरलं. चढायचे बूट आणा, त्या दीपगृहाच्या वाटेवर सॅंडलवाल्यांची मी वाट बघत थांबत नाही. आणि परत जाताना सुम्माम खोऱ्यातलं ऑलिव्ह तेल घेणार असाल तर चेक-इन बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेतून काढून घेतात. सुके अंजीर कितीही घ्या, त्याला कोणी विचारत नाही.